त्रेपन्न वायरी

टाचणी हे काही तिचे खरे नाव नव्हे. पाचवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी इतकी बारीक होती आणि इतके टोचून प्रश्न विचारायची, की वर्गाने तिला हे नाव बहाल केले आणि तिनेही ते हसत हसत पदरात घेतले. मी भिंतीवर नकाशा टांगला की बाकीची मुले नद्या शोधायची. हिचे लक्ष दोरीकडे. "बाई, हा नकाशा रोज उजवीकडेच का कलतो?" मी म्हणाले, "कलू दे गं, नद्या सांडत नाहीत." मधल्या सुट्टीत खुर्चीवर चढून तिने खिळा अर्धा बोट सरकवला. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत तो नकाशा सरळ राहिला.

तिचे वडील आमच्याच शाळेत, प्रयोगशाळेत मदतनीस. परीक्षानळ्या धुण्यात सत्तावीस वर्षे गेली, म्हणून सगळी शाळा त्यांना नळीकाका म्हणते. माणूस सालस आणि भित्रा. वर्गात कोणाच्या हातून काचेचे भांडे फुटले, तर फोडणाऱ्याच्या आधी हेच माफी मागून मोकळे. आई त्याच्या अगदी उलट. तिचे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा, केटली, टोस्टर, केस वाळवायचे यंत्र. प्लग असलेली कुठलीही वस्तू तिला परकी नाही. गल्लीत तिला मिक्सरवाल्या ताई म्हणतात. दुकान दोन हात पसरले तर भिंतींना लागतील एवढे. तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या, समोर कामाचे टेबल, त्यावर दिवा, आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे. "सगळ्या गल्लीच्या वस्तू दुरुस्त करता, हे स्टूल तेवढं ठेवलंत," असे मी एकदा म्हणाले, तर ताई म्हणाल्या, "बाई, स्टूल नीट केलं तर लोक उठतील का?"

तर या आईबापांची मुलगी पुढे डिझाइन शिकायला गेली. इंटरॅक्शन डिझाइन. हे काय असते ते मला कळेना, तेव्हा तिने माझ्या घरातला टीव्हीचा रिमोट उचलला. त्यावरची निम्मी बटणे मी चिकटपट्टीने झाकून टाकली होती, कारण चुकून बोट लागले की चित्र निळे व्हायचे.

"ही पट्टी लावलीत ना तुम्ही, तेच माझं शिक्षण," ती म्हणाली. "ज्यानं रिमोट केला त्यानं तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही त्याची चूक दुरुस्त केलीत. माणूस आणि वस्तू यांचं एकमेकांशी जमावं, म्हणून आम्ही काम करतो."

"म्हणजे लग्न जुळवता."

"हो, आणि वस्तूकडच्या मंडळींचा मान जरा कमी ठेवतो."

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक मोठा प्रकल्प करायचा असतो. पण काहीही बनवायला घेण्याआधी त्याची संकल्पना तीन परीक्षकांपुढे मांडून मंजूर करून घ्यावी लागते. त्यासाठी तीन संधी. तिन्ही हुकल्या तर वर्ष गेले. पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्यापासून. टाचणीच्या दोन संधी कशा गेल्या ते तिने माझ्याकडे चहा पिता पिता सांगितले.

पहिली कल्पना होती आरशाची. आरशात बघितले की तो तुमचा मूड ओळखणार आणि त्याप्रमाणे गाणे लावणार. तिला मार्गदर्शन करणारे दाढीवाले सर शांतपणे म्हणाले, "आपलं तोंड पडलंय हे कळायला माणसाला यंत्र लागत नाही. घरातलं कुणीही सांगतं." दुसरी कल्पना आईच्या दुकानासाठी. प्रत्येक वस्तूला नंबर, नंबराची चिकटचिठ्ठी, मोबाइलवर यादी, आणि वस्तू तयार झाली की गिऱ्हाइकाला निरोप. मोबाइलच्या स्क्रीनवर दिसणारे एकोणीस पडदे तिने रंगवले होते, आणि निरोप जातील एवढा कच्चा नमुनाही जोडला होता. विभागप्रमुखांनी फक्त एवढेच विचारले, "हे तुमच्या आईनं वापरून बघितलं?"

"मग? बघितलं होतं का?" मी विचारले.

"बघितलं ना. आईच्या बोटांना ग्रीस. पडदा हलेचना. मग तिनं कोपरानं दाबलं, आणि गल्लीतल्या बेकरीवाल्यांना एकाच वेळी सात निरोप गेले. ते धावत आले बिचारे, दुकानाला आग लागली की काय म्हणून."

मला हसू आवरेना. तीही हसली, पण कपातले बिस्कीट विरघळून तळाला गेले तरी तिचे लक्ष नव्हते. तेव्हा मला कळले, की पोरीचे आतून अवसान गळाले आहे. सरांनी तिला एकच काम सांगितले होते: आठ दिवस आईच्या दुकानात बस, मोबाइल बाजूला ठेव, आणि दिसेल ते वहीत लिही. तिसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांनी, गुरुवारी.

ती बसली. आखूड पायाच्या स्टुलावर आठ दिवस डुलत बसली. वही मला दाखवली होती. अक्षर पाचवीत होते तसेच, गिचमिड आणि उतावळे. 'आई "उद्या या" एकतीस वेळा म्हणाली. आई स्क्रू तोंडात धरून बोलते, तरी गिऱ्हाइकाला कळतं. आईला कुठली वस्तू कोणाची हे विचारावं लागत नाही. का?' या 'का'पुढे तिने तीन प्रश्नचिन्हे काढली होती आणि उत्तराची जागा कोरी होती.

आईला विचारले तर आई म्हणाली, "लक्षात राहतं."

"पण कसं राहतं?"

"तुझं नाव कसं राहतं लक्षात? कामात बोलू नकोस, ही कॉइल नाजूक असते."

उत्तर न मिळाल्यामुळे टाचणीने पुन्हा जुन्याच कल्पनेची डागडुजी सुरू केली. यादी सोपी करायची, बटणे मोठी करायची, कोपरालाही चालतील अशी. आणि परीक्षकांना दाखवायला दुकानाचे दोन फोटो: आधीचे अस्ताव्यस्त आणि नंतरचे नीटनेटके. रविवारी दुकान बंद असते. ताई बहिणीकडे गेल्या होत्या. नळीकाकांकडून किल्ली घेऊन टाचणी सकाळीच दुकानात शिरली आणि आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून दिवसभर आवरत बसली. धक्का बसला, यात शंका नाही.

सोमवारी सकाळी मी माझी इस्त्री आणायला गेले होते, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ताईंनी शटर वर केले आणि दिवा लावला. तिन्ही भिंतींवर वस्तू उंचीनुसार रांगेत. मिक्सर मिक्सरांजवळ, इस्त्र्या इस्त्र्यांजवळ. आणि प्रत्येक वस्तूची वायर एकसारखी, आठच्या आकड्यात गुंडाळून, वर लाल रबर लावलेली.

"अगंबाई, दुकान आहे की सोन्याची पेढी!" मी म्हणाले.

ताई दारातच उभ्या राहिल्या. एवढ्यात बेकरीवाले आले. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. "ताई, माझा मिक्सर तयार आहे म्हणालात ना शनिवारी? द्या लवकर, पीठ थांबलंय."

ताईंचा हात सवयीने फळीकडे गेला आणि मधेच थांबला. फळीवर एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन मिक्सर शेजारी शेजारी. त्यांनी एक उचलला, टेबलावरच्या प्लगला लावला, बटण दाबले. मिक्सर गप्प.

"हा आणला होता तेव्हाही असाच होता हो!" बेकरीवाले म्हणाले.

दुसरा लावला. तो फिरला. बेकरीवाले तो छातीशी धरून गेले. ताई मात्र फळ्यांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात टाचणी आली, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आई, बघितलंस?"

"हे कोणी केलं?"

"मी! काल दिवसभर. त्रेपन्न वायरी होत्या, त्रेपन्न! काय गुंता होता गं. कुठली लोंबतेय, कुठली अर्धवट, कुठल्या प्लगचं डोकं खाली..."

ताई त्या डुलणाऱ्या स्टुलावर बसल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "तू माझी सगळी वही पुसलीस."

"कुठली वही? तू वही ठेवतेस कुठे?"

"तेच तर."

टाचणीने एकदा वस्तूंकडे पाहिले, एकदा आईकडे, आणि तिचा चेहरा उतरत उतरत पार हनुवटीपर्यंत आला. तयार कुठली, न उघडलेली कुठली, कोणाला विचारायचे आहे, कशाचा सुटा भाग यायचा आहे. ते सगळे त्या अस्ताव्यस्त वायरींमध्ये लिहिलेले होते आणि तिने ते लाल रबर लावून पुसून टाकले होते. गुरुवार तीन दिवसांवर आला होता.

"माझा प्रोजेक्टही गेला आणि तुझं दुकानही," तिचा आवाज चिरकला.

"रडायचं असलं तर मागे जाऊन रड. इथे वायरी ओल्या होतील," ताई म्हणाल्या. आणि मग, शपथेवर सांगते, त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत. "त्रेपन्न! एकेकीला रबर! मला साधी वेणी घालू द्यायची नाहीस लहानपणी, आणि इथे त्रेपन्न वेण्या घालून बसलीस!" मीही हसू लागले. शेवटी टाचणीही डोळे पुसत हसली. हसून झाल्यावर ताईंनी बाह्या सरसावल्या. "चल. रबरं काढ. एकेक हातात दे."

टाचणीने टोस्टर दिला. "याचं काय होतं, आई?"

"असं नाही सांगता यायचं. वायर दे हातात."

ताईंनी टोस्टर मांडीवर घेतला, क्षणभर वर छताकडे पाहिले, आणि हाताने वायर गुंडाळायला सुरुवात केली. दोन वेढे दिले, तिसरा अर्धा सोडला आणि टोस्टर फळीवर ठेवला. "याची कॉइल यायचीय. पुढचं."

टाचणी जागची हलली नाही. "थांब. परत कर."

"काय परत करू?"

"आत्ता केलंस ते. वायर अर्धी सोडलीस."

"सोडली का?" ताईंनी वळून टोस्टरकडे पाहिले, जणू दुसऱ्याच कोणी तो तिथे ठेवला होता. "हो की. मग, कॉइल यायचीय ना."

मी पस्तीस वर्षे मुलांचे चेहरे वाचले आहेत. कुठल्या मुलाला गणित सुटले हे त्याची पेन्सिल थांबली की कळते. तशी टाचणी थांबली. मग तिने धडपडत कॅमेरा चालू केला आणि आईच्या चेहऱ्याऐवजी आईच्या हातांवर रोखला.

मग दुकानात जे चालले ते बघण्यासारखे होते. एकेक वस्तू ताईंच्या हातात यायची. तोंडाने विचारले तर त्यांना आठवायचे नाही. हाताला विचारले की हात सांगायचा. वायर मोकळी लोंबती सोडली, म्हणजे वस्तू अजून बघितलेली नाही. अर्धी गुंडाळली, म्हणजे उघडून झाली, भाग यायचा आहे. पूर्ण गुंडाळून प्लगचे डोके वर खोचले, म्हणजे तयार. डोके खाली खोचले, म्हणजे मालकाला काहीतरी विचारायचे आहे. बावीस वर्षे ताई हे करत होत्या आणि आपण करतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

माझी इस्त्री आली. ताईंनी वायर पूर्ण गुंडाळली, प्लग वर खोचला, आणि प्लगजवळ वायरीला एक छोटी सैल गाठ मारली.

"ही गाठ कसली?" टाचणीने लगेच विचारले.

ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली. "ती असू दे. पुढचं काढ."

दुपारपर्यंत एक्केचाळीस वस्तू हातांनी ओळखल्या. उरलेल्या अकरा एकेक लावून, उघडून, बघाव्या लागल्या. जेवणाच्या सुट्टीत नळीकाका आले. काय झाले ते अर्धेच ऐकून त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या एका बाईंची माफी मागितली. त्या बिचाऱ्या फक्त पत्ता विचारायला आल्या होत्या.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा टाचणी फळीपाशी उभी राहून मोठमोठ्याने वाचत होती, जसे मूल पहिल्यांदा दुकानांच्या पाट्या वाचते. "तयार. तयार. भाग यायचाय. विचारायचंय. बघितलेलं नाही. तयार. आई, मला वाचता येतंय!"

"शाबास," ताई स्क्रू तोंडात धरून म्हणाल्या. "उद्यापासून दुकानात ये. डिझाइन राहू दे."

पण डिझाइन राहिले नाही. मंगळवार-बुधवार तिने पुठ्ठे कापले. तिची तिसरी कल्पना तिने मला एका वाक्यात सांगितली: "बाई, आईनं नवीन काही शिकायचं नाही; यंत्रानं आईची सवय शिकायची." फळीच्या कडेला एक लाकडी पट्टी, तिला खाचा. आई वायर नेहमीसारखी गुंडाळणार आणि प्लग पट्टीच्या खाचेत टेकवणार. प्लग वर आहे की खाली, वेढे किती, हे पट्टी ओळखणार. तयार असेल तर गिऱ्हाइकाला निरोप आपोआप जाणार. पडदा नाही, बटण नाही, कोपर लावायला जागाच नाही.

गुरुवारी मी तिथे नव्हते. पण त्या दिवशी काय झाले ते टाचणीने मला तीनदा आणि नळीकाकांनी सातदा सांगितले आहे, त्यामुळे माझ्याइतके नीट कोणालाच माहीत नसेल.

परीक्षक तिघे: दाढीवाले सर, विभागप्रमुख, आणि एका कंपनीतून आलेल्या मॅडम. टाचणीने आईलाही बरोबर नेले होते. ताईंनी दुकानावर 'दोन तासांत येते' अशी पाटी लावली होती आणि खोलीत शिरल्या तेव्हा त्यांना बसायला परीक्षकांच्याच टेबलाच्या टोकाला खुर्ची मिळाली. टेबलावर लॅपटॉप, चार्जर, प्रोजेक्टर, फोन, आणि त्या सगळ्यांच्या वायरींचे एक जाळे. नळीकाका रजा टाकून बाहेर व्हरांड्यात उभे.

टाचणीने पुठ्ठ्याची पट्टी मांडली, आईच्या हातांचे चित्रण दाखवले, चार खुणा समजावल्या.

विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "यात पडदा नाही?"

"नाही, सर."

"बटणं?"

"नाही."

"मग या सगळ्यात तुम्ही केलंत काय?"

"चुका केल्या, सर. त्रेपन्न." आणि तिने रविवारचा तो नीटनेटका फोटो दाखवला, लाल रबरांचा.

मॅडम पुढे सरकल्या. "हे तुमच्या आईपुरतं झालं. दुसऱ्या दुकानदाराची सवय वेगळी असेल, त्याचं काय?"

"असणारच, मॅडम. म्हणून पट्टी पहिले आठ दिवस काहीच करणार नाही. नुसती बघणार. दुकानदार वस्तू ठेवताना तोंडानं सांगेल, ही तयार, हिचा भाग यायचाय. पट्टी त्याच्या खुणा शिकणार. मी आठ दिवस स्टुलावर बसले, तशी."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतले. पण विभागप्रमुखांचे समाधान होईना. माणूस वाईट नाही, पण तपासल्याशिवाय सही करत नाही. अशा लोकांमुळेच शाळा-कॉलेजे चालतात. ते म्हणाले, "हे ऐकायला छान आहे. पण त्या खुणांना खरंच अर्थ आहे, आणि तुम्ही आईंना पढवून आणलेलं नाही, हे मी कशावरून धरू?"

आधार मागावा तशी टाचणीने आईकडे मान वळवली आणि तिचे डोळे मोठे झाले.

ताईंचे बोलण्याकडे लक्षच नव्हते. त्यांना टेबलावरचा गुंता बघवेना, म्हणून तो त्यांनी केव्हाच मांडीवर ओढून घेतला होता. जाळे सुटले होते. प्रत्येक वायर वेगळी गुंडाळून रांगेत ठेवलेली होती.

"सर," टाचणी हळूच म्हणाली, "ही प्रोजेक्टरची जादा वायर. पूर्ण गुंडाळलीय, डोकं वर. ही ठीक आहे. आणि हा चार्जर कोणाचा?"

"माझा," विभागप्रमुख म्हणाले.

"याची वायर अर्धीच गुंडाळलीय. म्हणजे बिघडलाय. भाग बदलावा लागेल."

"छे! चालतो की चांगला. सकाळीच चालू होता."

"सरळ ठेवला तर?"

दाढीवाल्या सरांनी खोकल्याचे निमित्त करून तोंडावर रुमाल धरला, पण ते टिकले नाही. "सर, दोन महिने तुम्ही त्याच्याखाली पुस्तक ठेवताय," ते म्हणाले, "आणि हललं की आमच्यावर ओरडताय!"

ताईंनी मान वर केली. "मानेपाशी चीर गेलीय त्याच्या," त्या म्हणाल्या. "बोट फिरवलं की लागते. वापरू नका, झटका बसेल."

"आणि ही?" मॅडमनी आपल्या फोनच्या वायरीकडे बोट दाखवले. "हिचं डोकं खाली आहे."

"मालकाला विचारायचंय," टाचणीने वाचले. "काय विचारायचंय, आई?"

"ही वायर तुमच्या फोनची नाही," ताई मॅडमना म्हणाल्या. "टोक घट्ट बसत नाही. कोणाची तरी उचलून आणलीत का?"

मॅडमनी वायर हातात घेऊन पाहिली. "अय्या! ही आमच्या यांची. म्हणजे माझी घेऊन ते गेलेत ऑफिसला, आणि सकाळपासून फोन करून मलाच विचारतायत, चार्ज का होत नाही म्हणून!"

मग तिघेही जे हसायला लागले, ते व्हरांड्यात ऐकू गेले. नळीकाकांना वाटले, आपल्या लेकीची थट्टा चालली आहे. त्यांनी दारातल्या शिपायाचा हात धरला आणि म्हणाले, "लहान आहे हो अजून, तिच्या वतीनं मी माफी मागतो." शिपाई गोंधळला आणि त्याने त्यांना पाणी आणून दिले. ते पाणी हातात असतानाच दार उघडले आणि टाचणी बाहेर आली. तिने हातातली वायर गुंडाळली, प्लगचे डोके वर खोचले आणि बापापुढे धरली. सोमवारपासून घरात दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे नळीकाकांनाही तेवढे वाचता येत होते. ग्लासातले पाणी त्यांनी स्वतःच्या बुटांवर सांडले आणि शिपायाची पुन्हा माफी मागितली.

मंजुरीच्या कागदावर तिघांच्या सह्या आहेत. खाली दाढीवाल्या सरांचा शेरा आहे: 'संकल्पना मंजूर. पुढील वेळी विद्यार्थिनीने आईंना आणताना पूर्वसूचना द्यावी. टेबल आवरले गेल्यामुळे इतरांच्या गुणपत्रिका सापडत नाहीत.' नळीकाकांनी त्या कागदाची प्रत काढून प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. भांडे फोडलेल्या मुलाला आता माफी मिळायच्या आधी ती वाचावी लागते.

प्रकल्प पुढे चार महिन्यांत पूर्ण झाला. पुठ्ठ्याच्या जागी लाकूड आले, लाकडात छोटे दिवे आले, आणि ती पट्टी आज दुकानात डावीकडच्या फळीला लावलेली आहे. बेकरीवाल्यांना आता एकच निरोप जातो, आणि तेच कधी कधी तक्रार करतात, की सात निरोप यायचे तेव्हा जरा महत्त्व वाटायचे. टाचणीला उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळाले. रविवारी ती दुकानात येते आणि आईचे कुठलेही सामान जागचे हलवत नाही.

तिच्या प्रकल्पाचा जाड अहवाल तिने मला वाचायला दिला होता. शिक्षकाची खोड, मी तो लाल पेन जवळ घेऊन वाचला. पेनचे काम फार पडले नाही. अडतिसाव्या पानावर खुणांचा तक्ता होता. शेवटच्या ओळीत लिहिले होते: 'प्लगजवळची छोटी सैल गाठ. क्वचित आढळते. अर्थ ठाऊक नाही. आई सांगत नाही.'

आता ती गाठ माझ्या इस्त्रीला होती. केवळ इस्त्रीला नव्हे, आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की आधीच्या वर्षी मिक्सर परत आला त्यालाही होती. मी सरळ दुकानात गेले आणि स्टुलावर बसले.

"ताई, खरं सांगा. गाठ म्हणजे कटकटं गिऱ्हाईक ना?"

"अहो, नाही हो!"

"मग फार बोलणारं?"

ताईंनी तोंडातला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. असे त्या सहसा करत नाहीत. "बाई, निरोप पाठवला की लोक येतात, वस्तू घेतात आणि जातात. काही माणसं अशी असतात, की निरोप नाही पाठवला तर चौकशीला येतात. दोनदा येतात, तीनदा येतात. बसतात. तुमची इस्त्री दुसऱ्या दिवशीच तयार असते. पण म्हटलं, असू दे. येतील चार वेळा, तेवढंच बरं वाटतं." आणि मग, कोणी रागवेल की काय अशा आवाजात, "चालतं ना?"

दोन दिवसांच्या कामाला माझ्या वस्तूंना नेहमी नऊ दिवस का लागतात, हे कोडे मला इतक्या वर्षांनी उलगडले. मी म्हणाले, चालते. आणि मग त्यांनी केटलीत चहाचे पाणी ठेवले, ज्या केटलीची वायर लोंबती होती, म्हणजे ती कोणाची तरी अजून न बघितलेली असावी. पण पाणी तापले.

टाचणीला मी अर्थ सांगितला. तिने अहवालातली ती ओळ बदलली नाही. म्हणाली, "परीक्षकांना सगळंच कशाला कळायला हवं?" पण पट्टीला तिने एक वेगळी खाच केली. गाठ मारलेली वायर त्या खाचेत ठेवली, की दिवा लागत नाही, आवाज होत नाही आणि कोणालाही निरोप जात नाही.

मागच्या आठवड्यात मी माझी केटली दुकानात टाकून आले. तिचे काय बिघडले आहे ते मला नीट सांगता आले नाही, आणि ताईंनीही फार खोलात जाऊन विचारले नाही.